भाऊबीजेला माझी जागा गेली

ही गोष्ट दोन हजार तेवीस सालची. त्या वर्षीच्या भाऊबीजेला, जबलपूरच्या खमरियात, फॅक्टरीच्या एका क्वार्टरमध्ये माझी जागा दुसऱ्याला मिळाली. मी थकलो नव्हतो आणि बिघडलोही नव्हतो. तरीही मला बाहेर काढलं गेलं. ज्या माणसानं काढलं, त्यानंच मला त्या घरात आणलं होतं.

मित्रांनो, मी एक जुना पॉवर सप्लाय आहे. कॉम्प्युटरच्या मोठ्या डब्यात मागच्या कोपऱ्यात एक करड्या पत्र्याचा चौकोनी डबा असतो. त्याला भिंतीतली वायर लागते, आणि त्याच्या जाळीमागे एक पंखा फिरत असतो. तो मी. दुकानदार मला एसएमपीएस म्हणतात. भिंतीतून येणारी वीज कॉम्प्युटरला जशीच्या तशी दिली, तर तो एका क्षणात जळून जाईल. मी ती आत घेतो, शांत करतो आणि ज्याला जेवढी पचेल तेवढी वाटून देतो. एकत्र कुटुंबात वाढणारी बाई जशी सगळ्यांच्या ताटाकडे बघून वाढते, तसंच माझं काम आहे. जेवणारे तिच्याकडे बघत नाहीत, तसं माझ्याकडेही कुणी बघत नाही.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. तांब्याची तार गुंडाळून माझं रोहित्र केलं. वीज साठवणारे छोटे डबे माझ्या अंगात बसवले. मग भट्टीसारख्या गरम खोलीत ठेवून माझ्यावर पूर्ण भार टाकला आणि मला कितीतरी वेळ तसंच चालवलं. माझ्याबरोबरचे काही तिथंच बंद पडले, त्यांना बाजूला काढलं. मी टिकलो. तेव्हा माझ्या अंगावर चिठ्ठी चिकटवली, साडेचारशे वॅट. तो आकडा खरा होता, मित्रांनो. हे मुद्दाम सांगतो आहे असं समजू नका, पण पुढं त्या आकड्याचीच मला लाज वाटायला लावली गेली.

दोन हजार चौदा साली मी जबलपूरला आलो. अनुपमनं शहरात कॉम्प्युटरचं नवं दुकान काढलं होतं, आणि त्याच्या दुकानातलं पहिलं मशीन वसुधाताईंच्या घरासाठी बनणार होतं. वसुधाताई वर्ध्याच्या. त्यांना सख्खा भाऊ नाही. लग्न होऊन त्या खमरियात आल्या, तेव्हा पहिल्या भाऊबीजेला उदास होऊन बसल्या होत्या. शेजारच्या क्वार्टरमधला अनुपम तेव्हा शाळेत जात होता. तो आपणहून आला, पाट मांडला, त्यावर बसला आणि म्हणाला, "ओवाळा न ताई, मला भूक लागून राहिली." तेव्हापासून तो त्यांचा भाऊ झाला. हा किस्सा मी त्या घरात इतक्या वेळा ऐकला की तो माझ्या डोळ्यांसमोर घडल्यासारखा वाटतो.

मशीन बनत होतं तेव्हा वसुधाताईंचे यजमान गुणवंतराव दुकानात स्टुलावर बसून होते. ते फॅक्टरीत कामाला होते. त्यांनी मला हातात घेऊन पाहिलं आणि परत ठेवलं.

"साळेबुवा, हा तर मागं लपून राहणार. कोनाला दिसणार आहे? स्वस्तातला लावून टाका न."

"जीजाजी, दिसत नाही म्हणूनच तर चांगला पाहिजे," अनुपम म्हणाला. "माउस साधा घ्या, कीबोर्ड साधा घ्या. इथं हात आखडू नका. हा मेला तर एकटा नाही मरत, सगळ्यांना घेऊन मरते. ताईच्या घरात मी कचरा लावीन का?"

"लावा बाप्पा," गुणवंतराव हसले. "तुमचं नाही ऐकलं तर तुमची बहीण मला चहा नाही देणार."

त्या दिवशी अनुपमनं माझी बाजू घेतली. पत्र्याच्या डब्याला अभिमान वाटतो की नाही मला माहीत नाही, पण ज्या अर्थी मला तो दिवस अजून आठवतो, त्या अर्थी वाटत असावा.

मग माझी कामाची वर्षं सुरू झाली. गुणवंतरावांची मुलगी रुचिरा तेव्हा लहान होती. तिनं माझ्या जोरावर चित्रं रंगवली, शाळेचे प्रकल्प केले. कोरोनाच्या त्या दोन वर्षांत सगळी शाळाच या कॉम्प्युटरमध्ये येऊन बसली, तेव्हा मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालू असे. दर दसऱ्याला गुणवंतराव कॉम्प्युटरला झेंडूचा हार घालत. फॅक्टरीतली माणसं यंत्राला हात जोडल्याशिवाय दसरा करत नाहीत. दिवाळीच्या साफसफाईत रुचिरा रंगकामाच्या जुन्या ब्रशनं माझी जाळी स्वच्छ करी. जाळीत फुंकर घालून म्हणे, "घे, आता मोकळा श्वास घे." माझी एवढीच सेवा होती आणि तेवढी मला पुरत होती.

दोन हजार एकोणीसच्या उन्हाळ्यात वादळ झालं. विजेच्या तारांवर गुलमोहराची फांदी पडली, आणि क्वार्टरांच्या त्या रांगेत वीज अशी उसळली की कुणाचा टीव्ही गेला, कुणाचा फ्रीज गेला. मला ती उसळी कळली आणि मी ताबडतोब स्वतःला बंद करून घेतलं. माझ्या जातीत हे शिकवलेलं असतं. आपण थांबायचं, पण पुढच्याला धक्का लागू द्यायचा नाही. दुसऱ्या दिवशी अनुपमनं येऊन तपासलं. मी पुन्हा सुरू झालो, आणि कॉम्प्युटरही सुरू झाला.

"ताई, याची दृष्ट काढा," अनुपम म्हणाला. "याच्यामुळे वाचलं सगळं."

वसुधाताईंनी खरंच मीठमोहऱ्या ओवाळल्या. गुणवंतराव म्हणाले, "आमची कधी काढली नाही हो अशी." त्यावर त्या म्हणाल्या, "तुम्हाला कोन दृष्ट लावते?" सगळे हसले. त्या दिवसासारखा दिवस माझ्या आयुष्यात परत आला नाही.

आता दोन हजार तेवीस. रुचिरा कॉलेजात शिकत होती. तिचा आणि तिच्या तीन मैत्रिणींचा खेळाचा संघ होता. मैदानावरचा नव्हे, कॉम्प्युटरवरचा. चौघी आपापल्या घरून खेळायच्या, कानाला हेडफोन लावून एकमेकींवर ओरडायच्या, आणि वसुधाताई स्वयंपाकघरातून विचारायच्या, "कोनाला मारून राहिली गं?" राज्यातल्या मुलींच्या संघांची एक स्पर्धा जानेवारीत होणार होती. जे संघ जिंकतील ते भोपाळला मोठ्या मंचावर खेळणार होते. रुचिराला भोपाळला जायचं होतं. दुसरं काही तिच्या डोक्यात नव्हतं. पण आमचा कॉम्प्युटर जुना. ऐन लढाईत पडद्यावरचं चित्र अडखळायचं, आणि तेवढ्यात समोरचे हिला मारून जायचे.

म्हणून तिनं शिकवण्या केल्या आणि कॉलेजमधल्या एका सीनिअर मुलीचं वापरलेलं ग्राफिक्स कार्ड घेतलं. नवीन कॉम्प्युटर घेणं घराला परवडणारं नव्हतं. या एका कार्डावर तिची सगळी भिस्त होती. कार्ड आणण्याआधी तिनं माझ्या अंगावरची चिठ्ठी टॉर्च लावून वाचली. कार्डाला किती वीज लागते, बाकी कॉम्प्युटरला किती, याची बेरीज केली. कार्डाला लागते तशी वायर माझ्याकडे आहे की नाही ते पाहिलं.

"बाबा, सगळं मिळून तीनशेच्या आत आहे. आपला पुरते. उलट उरते."

"मग झालं तर," गुणवंतराव पेपरातून म्हणाले.

पॉवर सप्लाय असा निवडायचा असतो, मित्रांनो. आधी आपली गरज मोजायची, मग समोरच्याची ताकद बघायची. ती पोरगी बरोबर होती.

कार्ड बसवायला दिवाळीच्या आधी अनुपमला बोलावलं. तो आला, पण पूर्वीसारखा हसत आला नाही. लोक आता सामान घरबसल्या मागवत आणि त्याच्याकडे फक्त बसवून घ्यायला येत. दुकान रिकामं दिसायचं. त्यानं डबा उघडला, कार्ड बसवलं, मला बोटानं टकटक केलं.

"साडेचारशे? बेटा, गेमिंगला साडेसहाशे तर लागतेच."

"पण मामा, मी बेरीज केली न. पुरते."

"नेटवर काहीही लिहून असते. अन् हा म्हातारा झाला. फुटला एखाद्या दिवशी, तर तुझं कार्ड घेऊन जाईल. मग जा भोपाळले."

भोपाळचं नाव काढलं की रुचिरा घाबरायची, हे त्याला ठाऊक होतं.

मी खरं तेच सांगतो. मी नऊ वर्षांचा झालो होतो. इतक्या वयाच्या पॉवर सप्लायबद्दल शंका घेणं चुकीचं नाही. त्यानं मला बाहेर काढून मीटर लावून तपासलं असतं, तर मला राग आला नसता. पण त्यानं मला तपासलं नाही. कारण त्याला उत्तर माहीत होतं.

भाऊबीज आली. वसुधाताईंनी पाट मांडला, भोवती रांगोळी काढली. अनुपम खोव्याची जिलबी घेऊन आला, टोपी घालून पाटावर बसला. त्यांनी कुंकू लावलं, सुपारी ओवाळली, निरांजन ओवाळलं. मग अनुपमनं पिशवीतून एक मोठा चकचकीत खोका काढला आणि ओवाळणी म्हणून तबकात ठेवला. तबक कललं. खोक्यावर वाघाचं चित्र होतं, आणि वाघाच्या तोंडात लिहिलं होतं, साडेसहाशे वॅट.

"ताई, यंदा साडी नाही. भाचीसाठी आणला. नवा कोरा. याच्यात रंगीत लाइटही लागते."

वसुधाताईंचे डोळे भरून आले. "इतका खर्च काहून केला रे? तुझं दुकान आधीच..."

"बहिणीच्या घरी हिशेब नसते ताई."

रुचिरानं खोका हातात घेतला. उलटा केला, सुलटा केला. कंपनीचं नाव शोधलं. वाघ होता, पत्ता नव्हता. तिनं तोंड उघडलं, "मामा, याची वॉरंटी, बिल..."

वसुधाताईंनी तिच्याकडे असं पाहिलं की पोरीचं वाक्य तोंडातच राहिलं. "ओवाळणीत आलेल्या वस्तूचं बिल मागतात का?" त्या म्हणाल्या. "माफ कर रे अनुपम. आजकालची पोरं."

"वजन तर पाहा," अनुपम म्हणाला. गुणवंतरावांनी उचलून पाहिला आणि मान डोलावली. "वजनदार आहे."

इथंच सगळं ठरलं. दुकानात विकत घेतलेली वस्तू परत करता येते, तिच्याबद्दल भांडता येतं. भाऊबीजेच्या तबकात पडलेल्या वस्तूबद्दल आमच्याकडे कुणी चकार शब्द काढत नाही. हे अनुपमला त्या घरात इतकी वर्षं बसून पुरतं समजलं होतं. म्हणून त्यानं ती वस्तू विकली नाही, ओवाळणीत घातली.

जेवणं झाल्यावर त्यानं माझे स्क्रू काढले. मला बाहेर काढलं, आणि माझ्या जागी त्या वाघाला बसवलं. बटण दाबताच त्याच्या पंख्यातून हिरवा, जांभळा, लाल उजेड पडला. वसुधाताई म्हणाल्या, "अगंबाई, किती छान!" रुचिराही हसली. मी जमिनीवर, वर्तमानपत्रावर पडलो होतो. माझ्याकडे कुणी वळून पाहिलं नाही. नऊ वर्षांत मी त्या घराला एक धक्काही लागू दिला नव्हता.

"हा नेतो मी. कबाडात देऊन टाकतो," अनुपम म्हणाला, आणि त्यानं मला त्याच पिशवीत टाकलं. जिलबीचा पाक पिशवीला लागला होता. तो माझ्या जाळीला चिकटला.

आता ऐका. मला वाटलं, मी खरंच भंगारात जाणार. पण दुसऱ्याच दिवशी अनुपमनं दुकानाच्या गल्ल्यावरचा स्वतःचा कॉम्प्युटर उघडला, त्यातला सप्लाय काढला आणि मला लावलं. त्याची बायको प्रणोती तिथं बसून बिलं करत होती.

"हा ताईंच्या घरचा न?" तिनं विचारलं. "खराब झाला म्हणत होते तुम्ही."

"हा?" अनुपम माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "हा अजून दहा वर्षं नाही मरत. असा माल आता आपल्याला परवडते कुठं?"

"अन् त्यांना जो दिला तो?"

"दिल्लीवाल्याचा. पन्नासचा लॉट पडला आहे गोदामात. कुठं तरी तर खपवावा लागन न."

"आपल्या मशीनला काहून नाही लावला मग?"

अनुपम गिऱ्हाइकाकडे वळला आणि म्हणाला, "हां भैया, बोलिए."

मित्रांनो, माणसं चुकतात आणि त्यामुळे आमच्यासारख्या वस्तू वाया जातात. त्याचं दुःख मी गिळलं असतं. पण हा माणूस चुकला नव्हता. कोण चांगला आणि कोण वाईट हे त्याला नीट ठाऊक होतं. त्यानं चांगला स्वतःकडे ठेवला आणि वाईट बहिणीला ओवाळणीत दिला. दिवसभर मी त्याच्या कॉम्प्युटरला वीज पुरवायचो. काम चुकवायचं तर मला येत नाही. ज्यानं फसवलं त्याचंही काम मी तितक्याच इमानानं केलं, आणि याचीच मला सगळ्यात जास्त चीड येई.

जानेवारीत एका दुपारी दुकानासमोर गुणवंतरावांची स्कूटर थांबली. मागं रुचिरा बसली होती, मांडीवर कॉम्प्युटरचा डबा ओढणीनं बांधलेला. तिनं तो गल्ल्यावर ठेवला. तिचे डोळे सुजलेले होते.

"मामा, मॅच सुरू होती," ती म्हणाली. "आम्ही जिंकून राहिलो होतो. एकदम फट्ट आवाज झाला. धूर निघाला. तेव्हापासून काहीच चालू नाही होत. कार्डही गेलं. मैत्रिणीकडे लावून पाहिलं, मेलं आहे."

"अरे अरे," अनुपम म्हणाला. "सेकंडहँड कार्ड होतं न बेटा. त्यानंच ओढलं असेल जास्त."

"कार्ड ठीक होतं. दोन महिने चाललं."

तिनं पिशवीतून वाघ काढला. तिनं तो घरीच उघडला होता. आत एवढीशी तार, काळी पडलेली पट्टी आणि तळाला गोंदानं चिकटवलेला एक जाड लोखंडी तुकडा.

"मामा, हा लोखंडाचा तुकडा काहून आहे यात?"

"ते... अर्थिंगसाठी असते."

"अर्थिंगसाठी? याला तर वायरही नाही जोडलेली. वजन वाटावं म्हणून टाकला आहे हा."

गुणवंतराव स्टुलावर बसले होते. त्यांनी तो तुकडा हातात घेतला, दोन्हीकडून पाहिला. भाऊबीजेला आपण वजन पाहून मान डोलावली होती, हे त्यांना आठवलं असावं.

गल्ल्यावरच्या कॉम्प्युटरचं झाकण अनुपम उघडंच ठेवायचा. बोलता बोलता रुचिराची नजर आत गेली आणि तिथंच थांबली. ती गल्ल्याला वळसा घालून आली, खाली वाकली. माझ्या जाळीत जिलबीचा पाक अजून चिकटून होता, त्यावर धूळ बसली होती. एवढी घाण तिनं माझ्यावर कधी साचू दिली नसती.

"हा आमचा आहे," ती म्हणाली.

"तसाच दिसते बेटा. असे हजार बनले होते."

"मामा, मी याला नऊ वर्षं पुसलं आहे."

प्रणोतीनं बिलांचा गठ्ठा सरळ केला, पुन्हा विस्कटला, पुन्हा सरळ केला. मला वाटलं, आता ती माझ्या वायरी ओढेल आणि मला घरी नेईल. पण रुचिरानं हात मागं घेतला. वडिलांकडे पाहिलं. गुणवंतराव उठले आणि म्हणाले, "चल. हे तुझ्या आईनं पाहायचं आहे. आपण नाही." ते गेले. मला तिथंच ठेवून गेले, मित्रांनो. दुसऱ्यांदा.

चार-आठ दिवसांनी वसुधाताई आल्या. एकट्याच, खमरियाहून बसनं. आल्या, पाणी प्यायल्या. प्रणोतीची विचारपूस केली. मग अनुपमच्या समोर बसल्या. मी त्या दोघांच्या मधेच चालू होतो, माझा पंखा सगळ्यांना ऐकू येत होता.

"अनुपम," त्या म्हणाल्या, "मी एकच विचारते. तू सांगशील ते मी मानीन. आमचा जुना खराब झाला होता का?"

आता त्याच्या हातात सगळं होतं. 'नाही ताई, चुकलो' एवढंच म्हणायचं होतं. मी जन्मात कुणाकडे काही मागितलं नव्हतं. त्या क्षणी मागितलं. बोल रे, म्हटलं, एवढं एकदा खरं बोल.

अनुपम माझ्याकडे न बघता म्हणाला, "हो ताई. पूर्ण गेला होता."

वसुधाताईंनी झाकण उघडलेल्या डब्याकडे पाहिलं. माझ्याकडे त्या इतक्या वेळ कधीच बघत राहिल्या नव्हत्या. "बरं," त्या म्हणाल्या. पदर सावरला आणि उठल्या. प्रणोती चहाचे कप घेऊन आली, तोवर त्या रस्त्यावर पोचल्या होत्या.

रुचिराचा संघ धूर निघाला त्याच दिवशी, ऐन सामन्यात एक खेळाडू कमी झाल्यामुळे हरला होता. भोपाळला दुसरे चार संघ गेले. तिनं पुन्हा शिकवण्या सुरू केल्या, हे मला प्रणोतीच्या बोलण्यातून कळलं. प्रणोती आता अनुपमशी फारसं बोलत नसे. बोलली की याच विषयावर बोले.

"त्या विचारायला आल्या होत्या. भांडायला नाही. समजलं का तुम्हाला?"

"समजलं."

"मग?"

"मग काय? आता काय तोंडानं जाऊ?"

वर्ष गेलं. पुढची भाऊबीज आली. सकाळी अनुपमनं गल्ल्याचा कॉम्प्युटर बंद केला. माझे स्क्रू काढले. ओल्या फडक्यानं माझ्या जाळीतला पाक पुसला, ब्रशनं धूळ झाडली, आणि मला नव्या पिशवीत ठेवलं. खोव्याची जिलबी वेगळी घेतली. दिवसभर त्याचे पाय निघत नव्हते. आम्ही खमरियाला पोचलो तेव्हा सूर्य नुकताच बुडाला होता.

क्वार्टरच्या अंगणात रांगोळी होती, पण पाट नव्हता. वसुधाताई हातात तबक घेऊन उभ्या होत्या, आमच्याकडे पाठ करून. मला पिशवीच्या तोंडातून दिसत होतं. फॅक्टरीच्या भिंतीवर, पश्चिमेला, बीजेची चंद्रकोर दिसू लागली होती, नखाएवढी. वसुधाताईंनी तबक वर उचललं आणि चंद्राला ओवाळलं. ज्यांना भाऊ नसतो त्या बायका असं करतात. वर्ध्याला लहानपणी त्या असंच करायच्या, हे मी तेव्हा गुणवंतरावांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. ते दारात उभे राहून रुचिराला हळू आवाजात सांगत होते.

अनुपम फाटकाशी उभा राहिला. फाटकाची कडी त्याच्या हातात होती. ती उघडावी की नाही हे त्याला कळेना.

वसुधाताईंनी अक्षता वाहिल्या, तबक खाली घेतलं आणि वळल्या. त्याला पाहून थांबल्या. रागावल्या नाहीत.

"या अनुपमराव," त्या म्हणाल्या. "बाहेर काहून उभे? आत बसा. हे आहेत घरात. जेवून जा."

आजवर त्यांनी त्याला 'अरे'शिवाय हाक मारली नव्हती. अनुपमनं पिशवी पुढं केली. "ताई, हा आणला. हा... खराब नव्हता."

"माहीत आहे मला," त्या म्हणाल्या. "ठेवा तिथं."

त्यांनी त्याला पाहुण्याला वाढतात तसं आग्रह करून वाढलं. करंजी वाढली, पुरी वाढली. तो मान खाली घालून जेवला. निघताना त्यानं नमस्कार केला, तेव्हा त्यांनी "असू द्या" म्हटलं. तबकातल्या निरांजनाची वात तोवर विझली होती.

अशा रीतीनं मी घरी परतलो. पण माझी जागा रिकामी नव्हती. रुचिरानं आपल्या कमाईतून नवा सप्लाय घेतला होता. मोठा आकडा नाही, रंगीत दिवे नाहीत, पण बनवणाऱ्याचं नाव आणि पत्ता असलेला, पाच वर्षांची हमी असलेला. तिनं मला मीटर लावून तपासलं आणि म्हणाली, "एकदम ठीक आहे." मग मला जुन्या साडीत गुंडाळून कपाटाच्या खालच्या फळीवर ठेवलं.

मित्रांनो, तुमच्या कॉम्प्युटरच्या कोपऱ्यात माझ्यासारखा कुणी असेल तर त्याची जाळी अधूनमधून झाडत जा. नवा घेताना चिठ्ठीवरच्या आकड्याला भुलू नका, वजनाला आणि दिव्यांना तर मुळीच नको. आधी तुमची गरज मोजा. बनवणाऱ्याचं नाव विचारा, हमी विचारा. तो तुमचा मामा असला तरी विचारा, ओवाळणीत आला तरी विचारा. खऱ्या माणसाला विचारण्याचा राग येत नाही. आणि जुन्याला काढताना निदान एकदा तपासून बघा. न तपासताच त्याला मेलेला ठरवू नका.

पुढं कोणाचं काय झालं तेही सांगतो. गुणवंतराव निवृत्त झाले. क्वार्टर सोडून ते शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेले. सामान हलवताना ते मला स्वतःच्या मांडीवर घेऊन बसले होते. रुचिरा कॉलेजातल्या मुलामुलींना कॉम्प्युटर बनवून देते आणि प्रत्येकाला बिल देते. मैत्रिणींना देते, आईलाही देते. स्पर्धा ती पुन्हा खेळली नाही. तो चौघींचा संघ त्या जानेवारीतच मोडला. अनुपमनं दुकान बंद केलं. आता तो एका मोबाइलच्या दुकानात नोकरी करतो. तो पन्नासचा लॉट कुणाकुणाच्या घरी गेला, ते मला माहीत नाही. प्रणोतीनं घरी शिवणकाम सुरू केलं आहे, आणि ती वसुधाताईंचे ब्लाउज शिवते.

वसुधाताई दर दिवाळीला करंज्यांचा डबा गुणवंतरावांच्या हाती अनुपमच्या घरी पाठवतात. प्रणोती तो डबा रिकामा परत पाठवत नाही. पण तो न्यायला वसुधाताई कधी जात नाहीत, आणि परत द्यायला अनुपम कधी येत नाही. भाऊबीजेच्या संध्याकाळी त्या नव्या घराच्या गच्चीवर जाऊन चंद्राची वाट बघतात. गेल्या वर्षी ढग होते. तरीही त्या तबक घेऊन उभ्या राहिल्या.